मोडीत घालण्याआधी: जुन्या घरातल्या वस्तू कशा पारखाव्यात

आत्याचा कसबा पेठेतला वाडा बिल्डरच्या ताब्यात द्यायचा होता आणि माळा उपसायला आम्हा भावंडांना दोनच दिवस मिळाले होते. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत तांब्याचा बंब, दोन घंगाळी आणि हंडे-कळश्यांची अख्खी उतरंड भंगारवाल्याच्या काट्यावर चढलीसुद्धा. टेम्पोत चढवायला मीही हात लावला. संध्याकाळी चहा घेताना आत्या सहज म्हणाली, "मोठ्या घंगाळाच्या काठावर सासऱ्यांच्या आजोबांचं नाव होतं रे. साल पण होतं." कुठलं साल, ते तिला आठवेना. आम्ही कुणी बघितलंच नव्हतं. कीट इतकं चढलं होतं की काठ दिसतच नव्हता.

त्यानंतर नात्यातली आणखी दोन-तीन घरं आवरायला मी गेलो. तेव्हापासून एक क्रम पाळतो, तोच इथे लिहितो आहे. जुन्या वस्तूला नुसत्या वयामुळे भाव मिळत नाही. ती कुठली, कुणाची, कधीची हे सांगणाऱ्या खुणा शाबूत असतील तर मिळतो. आणि आवराआवरीत सगळ्यात आधी या खुणाच जातात. नाव घासलं जातं, घड्याळाची डबी फेकली जाते, पाकिटावरचं तिकीट कापलं जातं.

पहिला दिवस: जागच्या जागी फोटो

काहीही हलवायच्या आधी प्रत्येक खोलीचे, कपाटाचे, ट्रंकेचे झाकण उघडून फोटो काढा. कुठली वस्तू कशासोबत ठेवलेली होती, हे नंतर कामाला येतं. पानाच्या तबकात अडकित्ता, चुनाळं आणि कातगोळ्यांची डबी एकत्र सापडली तर तो एक संच असतो. तीच तीन भावांत वाटली की उरतात तीन सुट्या वस्तू.

मग घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला खुर्चीवर बसवा, फोनवर रेकॉर्डिंग लावा आणि एकेक वस्तू समोर धरा. "ही कुणाची?" एवढंच विचारा. मधे दुरुस्त्या करू नका, त्यांना बोलू द्या. जुन्या फोटोंच्या मागे मऊ शिसपेन्सिलीने नावं लिहा. बॉलपेनची शाई पुढच्या बाजूला उमटते. हे काम मी सगळ्यात आधी करायला सांगतो, कारण वस्तू आणखी दहा वर्षं माळ्यावर टिकेल, सांगणारं माणूस टिकेलच असं नाही.

दुसरं: चिंच आणि मीठ लांब ठेवा

पाहुणे येणार म्हणून भांडी लखलखीत करायची आपली सवय इथे नुकसान करते. नाण्यावर घासल्याचा एक ओरखडा दिसला तरी संग्राहक ते खाली ठेवतो. चांदीच्या रुपयावर काळपट-निळसर झाक चढली असेल तर ती तशीच राहू द्या. पितळेच्या समईवर वर्षानुवर्षं चढलेला रंग खरवडला की ती कालच तुळशीबागेतून आणल्यासारखी दिसते. धूळ मऊ कोरड्या फडक्याने पुसा, तेवढं पुरे. कोरलेली अक्षरं वाचायची असतील तर विजेरी बाजूने तिरकी धरा, सावलीत अक्षरं उठून दिसतात. घंगाळाच्या वेळी आम्हाला एवढंच सुचायला हवं होतं.

लाखेच्या तबकड्यांसाठी वेगळी सूचना: त्यांना स्पिरिट किंवा सॅनिटायझर अजिबात लावू नका. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या ग्रामोफोन रेकॉर्डमध्ये लाख असते आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. गाणं पुसलं जाईल.

तांबं-पितळ

इथे जरा थांबतो, कारण मराठी घरात सगळ्यात जास्त माल हाच निघतो आणि सगळ्यात जास्त मोडीत हाच जातो. पहिला प्रश्न: भांडं ठोकून केलेलं की यंत्रावर ओढलेलं? जुन्या हंड्या-कळश्यांच्या पोटावर किंवा बुडाशी दातेरी सांधा दिसतो. दोन पत्रे करवतीच्या दातांसारखे एकमेकांत बसवून डाख दिलेला असतो. यंत्रावरच्या भांड्याला तो नसतो. ठोक्यांच्या खुणाही बघा. पुण्याच्या तांबट आळीत मठारकाम, म्हणजे हातोडीने ठोके देण्याचं काम, करणारे कारागीर आजही आहेत, त्यामुळे नुसत्या ठोक्यांवरून भांडं जुनं ठरत नाही. पण सांधा, झिजलेला काठ आणि आतली कल्हई एकत्र दिसली तर भांडं बाजूला काढा.

दुसरा प्रश्न अर्थात नावाचा. लग्नात आहेर आलेल्या भांड्यांवर नाव, गाव, कधी तिथी-शक घालायची पद्धत होती. शक असेल तर त्यात ७८ मिळवा, म्हणजे साधारण इसवी सन येईल. तारीख घातलेलं भांडं आणि बिनतारखेचं भांडं यांच्या भावात फरक पडतो, कारण तारीख असली की विकणाऱ्याच्या शब्दावर विसंबावं लागत नाही.

आकाराने मोठी भांडी बहुतेक वेळा हॉटेल-रिसॉर्टवाले सजावटीला घेतात आणि भाव मोडीपेक्षा थोडाच वर देतात. खरा संग्राहक छोट्या, विचित्र, खास कामाच्या वस्तूंमागे असतो: घोडा किंवा पोपटाच्या आकाराचे अडकित्ते, पाय घासायच्या वज्र्या, लामणदिव्याच्या साखळीतले पक्षी, कुंकवाचे करंडे, शेवेचे सोरे, मोदकाचे साचे. शंका असेल तर पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात एक दुपार घालवा. दिनकर केळकरांनी असल्याच घरगुती वस्तू आयुष्यभर गावोगाव फिरून जमवल्या आणि अकाली गेलेल्या मुलाचं नाव संग्रहाला दिलं. तिथले अडकित्ते आणि दिवे बघून आल्यावर आपल्या माळ्यावरचा अडकित्ता नेमका कोणत्या रांगेत बसतो ते कळतं.

नाणी: इथे फसवणूक फार

लक्ष्मीपूजनाच्या डबीतली नाणी आधी तीन भागांत करा. राणीछाप आणि राजाछाप रुपये एका बाजूला. व्हिक्टोरिया, एडवर्ड, पाचवा जॉर्ज यांच्या काळातल्या रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे एक तोळा, आणि चांदी ९१.७ टक्के. १९४० पासून युद्धामुळे चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ चा रुपया निकेलचा निघाला. वाघाच्या चित्राचा १९४७ चा रुपया लोहचुंबकाला चिकटतो, चांदीचा चिकटत नाही. घरच्या घरी करायची ही पहिली चाचणी. पाचव्या जॉर्जचा १९११ चा रुपया वेगळा ठेवा: राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली आणि बरीच नाणी परत घेऊन वितळवली गेली. १९३९ चा रुपया फार दुर्मीळ आहे, आणि म्हणूनच त्याच्या नकला मुबलक आहेत. डबीत १९३९ दिसला तर आनंदाआधी संशय येऊ द्या. हार करण्यासाठी नाण्याला कडी डाखलेली असेल तर संग्राहकाच्या लेखी ते गेलं, उरतो फक्त चांदीचा भाव.

दुसऱ्या भागात शिवराई. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. नाव ऐकून छाती भरून येते, पण दुदांडी (दोन दांड्यांच्या, म्हणजे जोडरेघेच्या) शिवराया पेशवाईच्या काळात अमाप पाडल्या गेल्या आणि आजही थोड्या पैशांत मिळतात. भाव अक्षरांच्या वळणावर, बिंदूंवर आणि छाप किती पूर्ण उमटला आहे त्यावर ठरतो. हे जाणकारालाच दाखवा.

तिसरा भाग बाकी सगळ्याचा, आणि तो बहुधा सगळ्यात मोठा असतो. १९४३ ते ४७ मधला भोकाचा पैसा, १९५७ नंतरचे नये पैसे, ॲल्युमिनियमचे पाच-दहा पैसे. मुलांना खेळायला द्या. चार आणे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातूनही गेली आहेत.

वैष्णोदेवीचं चित्र असलेलं पाच रुपयांचं नाणं लाखांना जातं, ७८६ आकड्याची नोट कुणीतरी कोटीत घेतं, असे व्हिडिओ फिरतात. ते नाणं २०१२ मध्ये लाखोंच्या संख्येने निघालं. हे व्हिडिओवाले पुढे 'नोंदणी शुल्क' किंवा 'कर' आधी भरायला सांगतात. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये पत्रक काढून सांगितलं आहे की बँक असल्या व्यवहारात नसते आणि शुल्क-कमिशन मागत नाही. जो वस्तू विकत घेणार तोच आधी पैसे मागत असेल, तर फोन ठेवून द्या. ईस्ट इंडिया कंपनीची १८१८ ची हनुमान किंवा रामपंचायतन असलेली नाणी कंपनीने कधीच पाडली नाहीत. तांदूळ ओढणारं तांब्याचं भांडं, म्हणजे 'राइस पुलर', हेही शुद्ध थोतांड. त्यापायी लोकांनी जमिनी विकल्या आहेत.

कागद

रद्दीवाल्याला शेवटच्या दिवशी बोलवा, त्याआधी नाही. पत्रांच्या पाकिटांवरची तिकिटं कापू नका, पोस्टाच्या शिक्क्यासकट पाकीट जास्त मोलाचं असतं. संस्थानी तिकिटं, सेन्सॉरचे शिक्के असलेली युद्धकाळातली पत्रं, रंगून-एडन-झांजीबारहून आलेली पाकिटं वेगळी काढा. १५ ऑगस्ट १९४८ ला निघालेल्या गांधींच्या चार तिकिटांपैकी दहा रुपयांचं न वापरलेलं तिकीट मिळालं तर त्याला बोटही लावू नका, चिमट्याने उचला. मागचा डिंक शाबूत असला तर किंमत कितीतरी वाढते.

मोडीतले कागद मोडीत घालू नका, हा विनोद मी प्रत्येक घरी करतो आणि तो कुणालाच आवडत नाही. बहुतेक रुमालांत, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांत, जमिनीचे व्यवहार, हिशेब, सावकारी पावत्या निघतात. बाजारात त्यांना फारसं गिऱ्हाईक नाही. पण घराण्याचा आणि गावाचा इतिहास त्यातच असतो. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून आणि भांडारकर संस्था १९१७ पासून असले कागद आणि पोथ्या सांभाळत आली आहे. द्यायचे असतील तर पोहोचपावती घेऊन द्या, आणि देण्याआधी प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा.

छपाईची चित्रं हा वेगळा खजिना आहे. पुण्याची चित्रशाळा १८७८ मध्ये सुरू झाली, रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. देवघरातल्या काजळलेल्या सरस्वतीच्या तळाशी बारीक अक्षरात छापखान्याचं नाव आणि 'कार्ला-लोणावळा' दिसतंय का बघा. मग दहापट भिंग लावा. जुन्या शिळाछापात ठिपके हाताने दिल्यासारखे वेडेवाकडे, लहानमोठे असतात. आत्ताच्या पुनर्मुद्रणात ठिपक्यांची आखीव नक्षी दिसते. देवीला खरी जर, टिकल्या, मखमल चिकटवलेली असेल तर ते काम घरातल्या बायकांचं असतं आणि अशा चित्रांचे वेगळे चाहते आहेत. काच चित्राला चिकटली असेल तर ओढू नका, चौकटीसकट तशीच ठेवा.

बाकी कागदांत सिनेमाच्या गाण्यांच्या पुस्तिका, प्रभात फिल्म कंपनीच्या काळातली हस्तपत्रकं, जुने दिवाळी अंक (काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन' मासिकाचा पहिला दिवाळी अंक १९०९ मध्ये काढला), काड्यापेट्यांचे छापे, कापडाच्या तागांवरची रंगीत तिकिटं बघा. जुने शेअर सर्टिफिकेट निघाले तर शोभेची वस्तू म्हणून विकण्याआधी कंपनी जिवंत आहे का ते तपासा. सात वर्षं लाभांश न घेतलेले शेअर सरकारच्या गुंतवणूकदार संरक्षण निधीत जमा होतात आणि वारसांना अर्ज करून परत मिळू शकतात. एका घरी माळ्यावरच्या अख्ख्या पितळेपेक्षा एका पिवळ्या पाकिटातले शेअर जास्त किमतीचे निघाले.

घड्याळं, रेडिओ, रेकॉर्ड

एचएमटीचे कारखाने बंद झाल्यापासून जनता, पायलट, कांचन, कोहिनूर यांना मागणी आली आहे. देवनागरी आकड्यांच्या तबकडीचं जनता आणि काळ्या तबकडीचं पायलट लोक शोधत असतात. घड्याळ चालत नसलं तरी कोपऱ्यावरच्या दुकानात देऊ नका. तिथे तबकडी नव्याने रंगवून, दुसऱ्या घड्याळाचे काटे लावून 'नवीन' करून देतात. असल्या खिचडी घड्याळांना परदेशातले संग्राहक चेष्टेने 'मुंबई स्पेशल' म्हणतात. फाव्र ल्युबा आणि वेस्ट एंड ही आजोबांची आवडती नावं, त्यांनाही हेच लागू. बिल, डबी, गॅरंटी कार्ड सापडलं तर घड्याळासोबत बांधून ठेवा.

मर्फी, बुश, फिलिप्सचा व्हॉल्व्हचा रेडिओ सापडला की प्लग लावून बघायचा मोह होतो. लावू नका. आतले कंडेन्सर वाळलेले असतात, धूर निघून ट्रान्सफॉर्मर जातो. आधी जाणत्या मेकॅनिककडून तपासून घ्या. रेडिओचा परवाना पूर्वी पोस्टातून काढावा लागे. ती छोटी पुस्तिका ट्रंकेत असेल तर रेडिओच्या जोडीला ठेवा.

चकचकीत पितळी कर्ण्याचा, एचएमव्हीच्या कुत्र्याची पट्टी लावलेला ग्रामोफोन बहुतेक वेळा जुना नसतोच. चोरबाजारात आणि इतरत्र सुटे भाग जुळवून अशा हजारो पेट्या बनल्या. उलट काळी, सुटकेससारखी दिसणारी, बिनकर्ण्याची पेटी अस्सल असण्याची शक्यता जास्त. तबकड्यांबाबत उलटा न्याय लावा: ज्या गायकाच्या रेकॉर्डी घरोघर होत्या त्या आजही सहज मिळतात, तेव्हा बालगंधर्वांची तबकडी निघाली म्हणून हुरळून जाऊ नका. ज्या नावाला कुणी ओळखत नाही, ती आधी बाजूला ठेवा.

आग्फा क्लिक थ्री कॅमेरा, शिवणयंत्र, ब्रिटानिका ज्ञानकोशाचे खंड: आठवणी म्हणून ठेवा, भावाची आशा नको.

पैठणी आणि जर

'जुनी जर घेणार' म्हणून फिरणारे लोक साडी जाळून चांदी काढतात आणि त्याच हिशेबाने पैसे देतात. नऊवारी पैठणीचा पदर उलटा करून बघा. हातमागावर विणलेल्या अस्सल पदराची नक्षी उलट बाजूलाही जवळजवळ तशीच सफाईदार असते, लोंबणारे धागे नसतात. अशी साडी फाटलेली असली तरी काठ-पदरासाठी संग्राहक आणि संग्रहालयं विचार करतात. प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढा, धुतलेल्या मलमलीत गुंडाळा, डांबरगोळी जरीला लागू देऊ नका आणि दर काही महिन्यांनी घडी बदला, नाहीतर साडी घडीवरच चिरते.

विकण्याआधी कायदा

हस्तिदंताच्या सोंगट्या, फण्या, बाळाच्या गळ्यातलं सोन्यात मढवलेलं वाघनख, दिवाणखान्यातली सांबरशिंगं: १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे यांची खरेदी-विक्री गुन्हा आहे. 'आमच्या पणजोबांची आहे' हे उत्तर चालत नाही. ऑनलाइन फोटोही टाकू नका.

त्याच वर्षीच्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, चित्र, नाणं, कलाकुसरीची वस्तू आणि पंचाहत्तर वर्षांहून जुनं ऐतिहासिक-साहित्यिक मोलाचं हस्तलिखित देशाबाहेर नेता येत नाही. धातू-दगड-लाकडाच्या मूर्ती आणि सचित्र पोथ्यांची नोंदणी पुरातत्त्व खात्याकडे करावी लागते. अमेरिकेतली भाची देव्हाऱ्यातले टाक न्यायचं म्हणते तेव्हा हे आठवा. वस्तू तेवढी जुनी नसेल तर खात्याकडून 'पुरावस्तू नाही' असा दाखला आधी घ्यायचा, विमानतळावर हुज्जत घालायची नाही. पाया खणताना गुप्तधन निघालं तर १८७८ चा कायदा लागतो आणि जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. तलवार, कट्यार, ठासणीची बंदूक यांसाठी आधी पोलीस ठाण्यात चौकशी करा.

भाव कसा काढायचा

ऑनलाइन जाहिरातीतला आकडा विसरा, तो मागणाऱ्याचा असतो. लिलावात प्रत्यक्ष किती मिळाले ते बघा. सॅफरनआर्ट, पुंडोल, अस्तागुरू यांसारखी मुंबईची लिलावगृहं झालेल्या विक्रीचे आकडे संकेतस्थळांवर देतात. नाणी-तिकिटांचे लिलाव वेगळे होतात, त्यांचीही सूची मिळते. लिलावगृह आपलं कमिशन कापून घेतं, ते धरूनच हिशेब करा.

एकाच माणसाला विचारू नका. तिघांना दाखवा, तिघांनाही सांगा की आज विकायचं नाही. पुण्यात जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथे आधी गिऱ्हाईक म्हणून फिरा, आपल्यासारखी वस्तू किती सांगतात ते ऐका. विक्रेता म्हणून गेलात तर निम्म्याहून कमी आकडा ऐकू येईल, ते त्यांच्या धंद्याला धरूनच आहे. घरी येऊन 'सगळा लॉट एकदम देता का' विचारणाऱ्याची नजर कुठल्या दोन वस्तूंवर पुन्हापुन्हा जाते ते बघा. त्या दोन काढून घ्या, मग लॉटचा भाव विचारा. बहुतेक वेळा गृहस्थ चहा अर्धा टाकून उठतो.

वस्तू विकली तर फोटोसकट पावती करा: वर्णन, रक्कम, तारीख, दोघांच्या सह्या. भांडी-फर्निचर या घरगुती वापराच्या वस्तूंच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही, पण दागिने, चित्रं, शिल्पं आणि पुरावस्तूंचा संग्रह यांना ती सूट नाही. रक्कम मोठी असेल तर सीएला विचारा. आणि भावंडांची लेखी संमती आधी घ्या. आमच्याकडे घंगाळाचे पैसे पाच जणांत वाटले गेले, पण ते कुणाच्या सांगण्यावरून विकलं यावर अजून दर दिवाळीला बोलणं होतंच.